मदत हवी आहे : मृगातला तेजोमेघ लाल का दिसत नाही?

गच्चीकर : नमस्कार. मृगातला हा तेजोमेघ, म्हणजे एम ४२, तीन रात्री पाहिला आणि तिन्ही वेळा तो राखाडी धुरासारखाच दिसला. विक्रेत्याने खोक्यावरचे लालभडक चित्र दाखवून दुर्बीण गळ्यात मारली. आरसा सदोष असेल का? शनिवारी सोसायटीतल्या मुलांना दाखवण्याचा शब्द दिला आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

नभोवेडा : दुर्बीण किती इंची, नेत्रिका कोणती, निरीक्षण कुठून केले आणि आकाशात चंद्र होता का, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

रात्रपाळी : कॅमेऱ्यातली गाळणी काढून घ्या. साध्या डीएसएलआरमधली गाळणी हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवते. मी ती काढून घेतली आणि चित्रांत लाली उतरली.

गच्चीकर : माझ्याकडे कॅमेरा नाही, मी डोळ्यांनी पाहतो. सहा इंची न्यूटनियन (आरशाची) दुर्बीण, २५ मिमीची नेत्रिका, पुण्यातली गच्ची. पौर्णिमा नुकतीच झाली, त्यामुळे चंद्र होता. पण रंगाशी त्याचा काय संबंध?

मृगशीर्ष : हा मेघ मृगातल्याच काक्षी या ताऱ्यामुळे उजळतो. काक्षी स्वतः लाल आहे, म्हणून मेघही लाल.

नभोवेडा : हे साफ चुकीचे आहे. काक्षीच्या पृष्ठभागाचे तापमान जेमतेम ३,५०० केल्विन आहे आणि मेघ सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असताना ती आपल्याला त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर असावी, असे बहुतेक मोजमापे सांगतात. मेघ पेटवतात ते त्याच्या पोटातले ट्रॅपेझियम या चौकडीचे तारे, आणि त्यांतही मुख्यतः थीटा-१ ओरायनिस सी. त्याचे वस्तुमान सूर्याच्या तीसपटींहून अधिक आणि तापमान सुमारे ३९,००० केल्विन असल्यामुळे त्याचा बराचसा प्रकाश अतिनील असतो. ९१.२ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरी हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन उडवून लावतात. तो पुन्हा अणूत येऊन पायरी पायरीने खाली उतरताना ऊर्जेच्या तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर आला, की लाल प्रकाश बाहेर पडतो.

मृगशीर्ष : मान्य. पण मग तो लाल प्रकाश यांना का दिसत नाही?

पाटीपेन्सिल : कारण अंधारात आपण डोळ्यातल्या दंडपेशींनी पाहतो. त्या ५०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतात आणि लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या असतात. ऑक्सिजनच्या वर्णपटातली ५००.७ नॅनोमीटरची हिरवी रेषा मात्र नेमकी त्यांच्या टप्प्यात येते, पण दंडपेशींना रंग कळत नाही, म्हणून मेघ राखाडी दिसतो; मोठ्या दुर्बिणीत प्रकाश जास्त मिळाला की रंग ओळखणाऱ्या शंकुपेशीही कामाला लागतात आणि तो हिरवट भासतो. ही रेषा तेजोमेघांत १८६४ मध्ये सापडली, तेव्हा तिचा मेळ कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी बसेना. म्हणून एका नव्या मूलद्रव्याची कल्पना करून त्याला नेब्युलियम हे नाव मिळाले. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे भौतिकशास्त्रज्ञ बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवले. मला स्वतःला ही हकिकत लाल रंगाहून अधिक मोलाची वाटते.

रात्रपाळी : तरीही कॅमेरा घ्याच.

नभोवेडा : मुलांना नेत्रिकेतून पाहू द्या. आपला आरसा निर्दोष दिसतो. मेघ फिका पाडतो तो चंद्राचा आणि शहराचा उजेड. शनिवारी कृष्ण षष्ठी आहे, चंद्र अकराच्या सुमारास उगवेल, म्हणून नऊच्या आत सुरुवात करा. गच्चीवरचे दिवे मालवून मुलांना वीस मिनिटे अंधारात बसवा आणि मेघाच्या कडेला नजर ठेवायला सांगा, म्हणजे त्याचे पंख पसरलेले दिसतील.

गच्चीकर : काल दाखवला. रंग कुणालाच दिसला नाही, पण पंख सगळ्यांना दिसले आणि मधले चार तारेही मुलांनी मोजले. ‘पेटवणारा’ कोणता, असे एका मुलीने विचारले, तेव्हा चौघांतला सर्वांत तेजस्वी दाखवला. ते बरोबर ना?

नभोवेडा : अगदी बरोबर. हवा स्थिर असेल त्या रात्री १० मिमीची नेत्रिका लावून पाहा, पाचवाही दिसेल.