अनुभव धागा : दत्तक मूल घरी आलं, त्यानंतरचं रोजचं

खिडकीतली

नोंदणी कशी करायची, होम स्टडीला, म्हणजे घरी येऊन चौकशी करतात तेव्हा, काय काय विचारतात, मॅच आली, म्हणजे मूल सुचवलं गेलं, की ४८ तासांत होकार कसा कळवायचा, हे सांगणारे आता बरेच भेटतात. पण मूल घरी आल्यावर पहिल्या रात्री खोलीतला दिवा चालू ठेवायचा की बंद, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून हा धागा. प्रक्रियेबद्दल नको, त्यानंतरचं लिहा. जेवणखाण, झोप, शाळा, शेजारी, आजी-आजोबा, काहीही.

दोन विनंत्या. मुलांची नावं आणि संस्थेचं नाव लिहू नका. गोष्ट त्यांची आहे, सांगायची की नाही ते मोठी झाल्यावर ठरवतील. आणि ‘केवढं पुण्याचं काम केलंत’ असं इथे कुणी कुणाला म्हणू नका. पुण्य करायला आम्ही काशीला गेलो असतो.

सुरुवात माझ्यापासून. लेक घरी आला तेव्हा चौदा महिन्यांचा होता. दोन वेळा जेवायचा, आडवं केलं की निमूट पडून राहायचा. रडायचा अजिबात नाही. आम्ही दोघं खूश, सासूबाई तर जो येईल त्याला ‘भारी गुणाचं बाळ’ म्हणून सांगायच्या. चौथ्या-पाचव्या रात्री पाण्याला उठले तर हा अंधारात टक्क डोळे उघडे ठेवून पडलेला. किती वेळ जागा होता देव जाणे.

संस्थेत फोन केला. तिथे एका खोलीत दहा पाळणे, रात्रभर ट्यूबलाइट, डोक्यावर खडखडणारा पंखा आणि रात्रपाळीच्या मावशींची ये-जा. आमची खोली म्हणजे त्याच्यासाठी भुयारच होतं. आणि रडत का नव्हता? दहा पोरांमागे दोन मावशी असतील तर रडून लगेच कुणी येत नाही, एवढं त्या वयातही कळतं. माळ्यावरचा जुना टेबलफॅन काढला, खडखडाटासकट. दिवा चालू ठेवला.

एकोणिसाव्या रात्री दोन वाजता त्याने गळा काढला. सकाळी शेजारच्या काकूंनी जरा त्रासिकपणेच विचारलं, ‘बाळ रडत होतं का गं रात्री?’ मी इतक्या आनंदाने ‘हो’ म्हटलं की त्या बघतच राहिल्या.

रजेचं तेवढं सांगते. ही २०१९ ची गोष्ट. प्रसूतिरजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने दत्तक आईला बारा आठवड्यांची रजा दिली होती, पण बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच. जन्मदात्या आईने बाळ संस्थेकडे सोपवलं तर तिला फेरविचाराला ६० दिवस असतात, त्यापुढे कागदपत्रं. मग तीन महिन्यांच्या आत बाळ कुणाच्या घरी पोचतं? माझी साठवलेली सगळी रजा त्या एकोणीस रात्रींत गेली.

रंकाळ्याकाठचा

आमची लेक ओडिशातली. आली तेव्हा साडेतीन वर्षांची, चुरूचुरू बोलणारी, पण सगळं ओडियात. ‘पाणी’, ‘भात’ आणि ‘माउसी’ एवढं आम्हाला कळायचं. मला ‘बापा’ म्हणायची. आमच्याकडे ‘काय रं बापा’ चालतंच, त्यामुळे ते एका दिवसात अंगवळणी पडलं.

अडलं ते खिरीवर. सकाळी उठली की ‘खीर, खीर’. आई म्हणाली, ‘पोरीला खीर लई आवडती दिसतीय.’ झालं. पहिल्या दिवशी रव्याची, दुसऱ्या दिवशी शेवयांची. तिसऱ्या दिवशी आईने खपली गव्हाची केली, वेलदोडा-जायफळ घालून. पोरगी वाटीत बघायची आणि भोकाड पसरायची. शेवटी संस्थेतल्या मावशींना फोन लावला. त्या हसतच सुटल्या. ओडियात खीर म्हणजे दूध. साधं कपभर दूध मागत होती बिचारी.

दुसरं म्हणजे ताटातल्या भातात पेलाभर पाणी ओतायची आणि मीठ मागायची. आईला वाटलं, अन्नाशी खेळतीय. दोनदा ओरडलीही. नंतर कळलं की तिकडे पाण्यातला भात, पखाळ, रोजचं खाणं आहे. मग आईलाच आपल्या माहेरचा शिळा भात आणि ताक आठवलं. आता उन्हाळ्यात दोघी मिळून पखाळ खातात, वर कांदा आणि कोल्हापुरी चटणी. ओडिशातल्या माणसाला ते चालेल का, माहीत नाही.

आता दोन वर्षं झाली. पक्की कोल्हापुरी बोलते, ‘कुठं चाललायसा’ वगैरे. ओडिया मात्र चार-पाच महिन्यांत गेलं, आणि त्याचं मला वाईट वाटतं. आमच्या घाईपायी गेलं असं वाटतं. दिवसभर ‘हे काय? हे काय?’ करून मराठी शब्द तिच्या तोंडात भरत होतो. फडताळाच्या दारावर आतल्या बाजूने मी तेव्हा तिचे शब्द खडूने लिहून ठेवले होते, समजायला सोपं म्हणून. त्यातले अकरा अजून वाचता येतात. परवा तिला वाचून दाखवले तर म्हणाली, ‘बापा, हे तू कुठनं शिकलास?’

दुपारचा चहा

वाचतेय. खीर वाचून हसले, शेवटचं वाचून हसू गेलं.

एकटीच

मी एकल पालक. नोंदणी केली तेव्हा त्रेचाळीस पूर्ण. २०२२ च्या दत्तक नियमावलीत एकल पालकाला दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी चाळिशीची मर्यादा आहे, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी पंचेचाळीसची. त्यामुळे तान्हं बाळ मिळणार नाही हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वाट बघण्यातच पंचेचाळिशी ओलांडते की काय, ही धाकधूक होती. लेक आली तेव्हा ती तीन वर्षांची होती.

आठवड्याने पलंगाच्या कडेला मुंग्यांची रांग दिसली. उशीखाली पोळीचे तुकडे, अर्धी बिस्किटं, एक आख्खा बटाटा, उकडलेला. मला आधी राग आला, खोटं कशाला सांगू? दिवसातून पाच वेळा खायला घालत होते मी तिला. माझ्या आईने शांतपणे उशीचा अभ्रा बदलला आणि म्हणाली, ‘उद्याचं उद्या मिळेल, हे तुला माहीत आहे. तिला अजून नाही.’

स्वयंपाकघरात तिचा हात पोचेल अशा फळीवर एक डबा ठेवला. चुरमुरे, खजूर, राजगिऱ्याची वडी. तो रिकामा होऊ द्यायचा नाही आणि ‘आत्ता नको, जेवण होतंय’ असं एकदाही म्हणायचं नाही. हे दुसरं फार जड गेलं. दिवसातून वीसदा झाकण उघडून नुसतं बघून यायची. आठेक महिन्यांनी चुरमुरे सादळले तेव्हा माझ्या लक्षात आलं की डब्याला बरेच दिवसांत हात लागलेला नाही.

अजून एक. ती कुणाच्याही कडेवर जायची. लिफ्टमधल्या माणसाचंसुद्धा बोट धरायची. लोक म्हणायचे, ‘किती माणसाळलेली आहे!’ मला पोटात गोळा यायचा. पहिल्यांदा कुरिअरवाल्याला बघून ती माझ्या ओढणीमागे लपली, त्या दिवशी ऑफिसात पेढे न्यायचे तेवढे बाकी ठेवले मी.

आणि फॉर्म. वडिलांचं नाव भरल्याशिवाय पुढे न सरकणारा ऑनलाइन फॉर्म ज्याने बनवला, त्याला माझी एकदा भेट घडवा.

आबा (निवृत्त मास्तर)

सुनेने सांगितले म्हणून लिहितो आहे. मी विरोधात होतो. रक्त, गोत्र, कुलाचार वगैरे जे जे म्हणता येते ते ते म्हणून झाले होते. मूल आल्यानंतरही सहा महिने मी त्याला ‘तो’ म्हणत असे. त्यात बदल कसा झाला, हे मला विचाराल तर नीट सांगता येणार नाही. एका दुपारी तो माझ्या चष्म्याच्या घरात वाटाणे भरत होता आणि मी ते धरून बसलो होतो, एवढे आठवते.

पण मला सांगायचे आहे ते माझ्या चुकीबद्दल. तो चार वर्षांचा असताना बागेतल्या कट्ट्यावर एका गृहस्थांनी त्याच्यासमोरच विचारले, ‘दत्तक ना हो हा?’ मी म्हटले, ‘हो. तुमचे गुडघे काय म्हणतात?’ विषय तिथे संपला. घरी येताना त्याने विचारले, ‘आबा, दत्तक म्हणजे काय?’ मास्तरकी अंगात. म्हटले, ‘दत्त म्हणजे दिलेला. अत्री ऋषींना देवांनी पुत्र दिला, तो दत्त.’ व्युत्पत्ती बरोबर होती. पण त्याने त्यातून एवढाच अर्थ घेतला की आपल्याला दत्ताच्या देवळातून आणले आहे.

दत्तजयंतीला त्याने गुरुजींना भर गर्दीत विचारले, ‘माझा पाळणा कुठे ठेवलाय?’ पाळण्याची वेळ होती, त्यामुळे लोकांना कौतुक वाटले. सून मात्र घरी येऊन माझ्यावर चिडली, आणि रास्त चिडली. त्याची आई कोण हे आम्हाला ठाऊक नाही, पण एक बाई होती आणि तिच्या पोटातून तो आला. देवळातून आला असे सांगितले तर ती बाईच पुसली जाते. त्या रात्री सुनेने त्याला पुन्हा सगळे सांगितले, आणि मी दाराशी उभा राहून ऐकले.

तिघांची आई नाही, दोघांची

आमचा मोठा पोटचा, धाकटी दत्तक. नोंदणी झाल्यावर आम्ही लॅपटॉपवर अधूनमधून प्रतीक्षायादीतला क्रमांक बघायचो, तेव्हा मोठा शेजारीच बसलेला असायचा. बहीण आल्यावर त्याने वर्गात सांगितलं, ‘आम्ही ऑनलाइन मागवली, यायला तीन वर्षं लागली.’ बाईंचा मला फोन.

धाकटीला सध्या ‘मी पण तुझ्या पोटातून’ हवंय. माझ्या गाऊनमध्ये शिरते आणि खालून बाहेर येते, दिवसातून सात-आठ वेळा. खेळ म्हणून खेळते मी. पण नंतर विचारलं की खरं तेच सांगते.

संस्थेतून ताई दर सहा महिन्यांनी भेटीला येतात, दोन वर्षं. पहिल्या भेटीला मी पडदे धुतले, चकल्या तळल्या. त्यांनी धाकटीला विचारलं, ‘आई काय करते गं?’ तर म्हणे, ‘आज खूप ओरडली, पसारा उचला म्हणून.’ ताई हसून म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी पसारा असू द्या.’

एकतीस वर्षांची

सगळे पालकच लिहितायत, म्हणून मी. मी दत्तक आहे, नऊ महिन्यांची असताना आले.

तुम्ही ‘घरी आल्याचा दिवस’ साजरा करत असाल तर मूल दहा-अकरा वर्षांचं झाल्यावर त्याला एकदा विचारा. आमच्याकडे दर वर्षी श्रीखंड-पुरी, मामा-मावश्या, ओवाळणं. मला सातवी-आठवीपासून तो दिवस नकोसा व्हायला लागला. कारण धड सांगता यायचं नाही. सगळे इतके आनंदात असायचे की त्या दिवशी मला जरा उदास वाटतं, हे म्हणायला जागाच नव्हती. चौदाव्या वर्षी म्हटलं, बंद करा. बाबांना लागलं ते. आई म्हणाली, ‘श्रीखंड करू का नुसतं?’ ते अजून करते, कुणाला न बोलावता.

शाळेत ‘माझा लहानपणीचा फोटो’ आणायला सांगतात, त्याची तयारी ठेवा. तान्हेपणीचा फोटो माझ्याकडे नाही. डॉक्टरांकडे ‘घरात कुणाला मधुमेह?’ या प्रश्नापुढे मी ‘माहीत नाही’ लिहिते, आणि ते दर वेळी मान वर करून बघतात. हे तुम्ही काही करून टळणार नाही. फक्त मूल चिडून घरी आलं तर ‘त्यात काय एवढं’ म्हणू नका.

खिडकीतली

@एकतीस, आमच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल गोल आहे. लेक अजून लहान आहे, पण लक्षात ठेवते.

नवीनच

मॅच आलीय! मुलगी, अकरा महिने. पंधरा दिवसांनी आणायला जातोय, सात तासांचा रस्ता. काय काय न्यायचं?

एकटीच

अभिनंदन! तिथे वापरतात तोच दुधाचा डबा आणि तीच बाटली. आमच्याकडे आली की बदलू, असं करू नका.

खिडकीतली

तिच्या पाळण्यातली चादर मागून घ्या. मळकी असली तरी, आणि घरी आणल्यावर धुऊ नका.

रंकाळ्याकाठचा

पिशव्या न्या, भरपूर. पोरगी आजवर गाडीत फारशी बसलेली नसणार. आमची घाटात तीनदा ओकली, तिन्ही वेळा माझ्यावर.

नवीनच

सासूबाई विचारतायत, चादर किती दिवस धुवायची नाही?

आबा (निवृत्त मास्तर)

त्यांना म्हणावे, विचारू नका. आणि गाडीत पुढे बसा.