किलर बग टॉवेलच्या सुतात बांधला तर विस्कटतो: सोलापुरात लोकरीला पर्याय काय?

भीमाकाठ (प्रश्न)
उजनीत चिलापीसाठी १० आणि १२ नंबरच्या गळांवर किलर बग (लोकर गुंडाळून केलेला फ्लाय, म्हणजे किडीसारखं दिसणारं नकली आमिष) बांधतोय. लोकरीऐवजी टॉवेल कारखान्यातलं फिकट करडं वेस्ट सूत वापरलं. पंधरा-वीस फेकींत ते मऊ पडून गळाच्या वाकाकडून सुटतं. ओलं झालं की बोटाला बुळबुळीत लागतं आणि रंग चिखलासारखा सपाट दिसतो. सूत पक्कं करायला वरून शिलाईचा दोरा गुंडाळला, तर डोकं हरभऱ्याएवढं झालं. इथे मिळणारं दुसरं काय चालेल? आणि वूली बगर या शेपटीवाल्या फ्लायला मॅराबू या मऊ पिसाऐवजी कोंबडीची पिसं चालतात का?

जेन
बुळबुळीतपणा खळीचा आहे. टॉवेलात दोन ताणे (उभे धागे) असतात. खालच्या ताण्याला मागावर तुटू नये म्हणून खळ दिलेली असते, ती पाण्यात सुटते. वरचे फासे ज्या सुताचे असतात त्याला पाणी शोषावं म्हणून मुद्दाम कमी पीळ दिलेला असतो, तो ताण दिला की उलगडतो. वेस्टच्या गठ्ठ्यात दोन्ही मिसळलेली असतात, म्हणून तुम्हाला दोन्ही त्रास एकदम झाले. खळ धुऊन काढता येईल, पण कापूस ओला झाला की तंतू अंगाला चिकटून बसतात. किलर बगला नेमकं उलटं हवं.

फ्रँक सॉयर हे इंग्लंडमध्ये विल्टशरच्या एव्हन नदीवरचे नदीरक्षक. त्यांनी हा फ्लाय रफू करायच्या ‘चॅडविक ४७७’ लोकरीत बांधला. ती बंद झाल्यापासून तिकडचे लोकही पर्यायच शोधताहेत, तेव्हा तुम्ही एकटे नाही. त्या लोकरीचं वैशिष्ट्य ओलेपणात होतं: खाली दांडीवर गुंडाळलेली तांब्याची तार तिच्यातून झिरपल्यासारखी दिसते आणि करडा रंग गुलाबीसर होतो. त्यामुळे कोरडी लोकर बघून रंग ठरवूच नका. तार गुंडाळलेल्या दांडीवर चार वेढे घ्या, वाटीत बुडवा, मग बघा.

सांगोला-माळशिरसकडे घोंगडीचं सूत मिळतं. काळं नको, ओलं झालं की कोळसा दिसतं. पांढरट किंवा राखी मागा. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून खळ न दिलेलं सूत घ्या. तरीही कोमट पाण्यात दोनदा धुवा. चोळू नका, नाहीतर तंतू गुंतून नमदा होईल. हे सूत जाड असतं, तर २० सेंमी तुकड्याचा पीळ उलगडा, निम्मे तंतू ओढून काढा आणि उरलेल्याला बोटांनी पुन्हा पीळ द्या. राठ, जाड केस दिसले तर तेही उपटा, ते वेढ्यात बसत नाहीत.

तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळेल. १२ नंबरच्या गळाला ३६ गेज, १० ला ३४. अर्धा मीटर पुरते. वाकापासून नेढ्यापर्यंत लगतचे वेढे घ्या, नेढ्याआधी १ मिमी सोडा, तसेच परत वाकापर्यंत या आणि तार लोंबती ठेवा. लोकर वाकाशी तारेच्या तीन वेढ्यांत धरा, नेढ्यापर्यंत न्या, परत आणा. मध्यभागी एखादा वेढा जास्त घेतला की पोट येतं. शेवटी वाकाशी तारेचे चार-पाच घट्ट वेढे द्या आणि तार कापू नका, मागेपुढे हलवून तोडा. कापलेलं टोक बोटाला लागतं. दोरा लागतच नाही, त्यामुळे डोक्याचा प्रश्नही मिटला.

शेपटीपंख
लोकर रंगवायची असेल तर डाळिंबाच्या साली वापरा, आपल्याकडे त्यांना तोटा नाही. १० ग्रॅम धुतलेली लोकर आधी १ ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात तासभर ठेवा. २० ग्रॅम वाळलेल्या साली अर्धा लिटर पाण्यात उकळून गाळा, त्यात लोकर मंद आचेवर अर्धा तास ठेवा. पिवळट तपकिरी रंग येतो. चिमूटभर हिराकस (फेरस सल्फेट) टाकलं तर शेवाळी करड्याकडे झुकतं. जास्त टाकू नका, लोकर कडक होऊन तुटते.

आता बगर. कोंबडीची पिसं चालतात, पण ब्रॉयलरची नाही. पक्षी कोवळ्या वयात कापला जातो, पिसं मऊ आणि आखूड. गावठी कोंबडीच्या बुडाशी आणि मांडीवर जे लवलवीत पीस असतं ते शेपटीला घ्या, एक आखूड पडतं म्हणून दोन-तीन एकत्र. लांबी गळाच्या दांडीएवढी. त्याहून लांब केलीत तर ती वाकाला गुंडाळली जाते आणि मासा नुसती शेपटी ओढून जातो. बकरीचे केस इथे नकोत. ते पाण्यात ताठ राहतात, मॅराबूसारखे श्वास घेतल्यागत हलत नाहीत.

अंगावर गुंडाळायच्या पिसाला, म्हणजे हॅकलला, गावठी कोंबड्याच्या मानेचं पीस. पिसाचे तंतू गळाच्या तोंडाच्या (टोक आणि दांडीतल्या अंतराच्या) दीडपट लांब असावेत. हॅकल एका दिशेने गुंडाळलं तर तार उलट दिशेने न्या. प्रत्येक वेढ्यात ती पिसाच्या दांडीला छेदते. नाहीतर एका माशाचे दात लागले की सगळं पीस उलगडतं. पिसं भांड्याच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा आणि डांबरगोळीसोबत घट्ट डब्यात ठेवा.

इथे दोरा लागतो. शिलाईचा जाडच पडतो. मशीन एम्ब्रॉयडरीचा १२० डेनियरचा पॉलिएस्टर घ्या आणि मेणावरून ओढा. दुकानदार तसाच दिसणारा रेयॉन देतो, तो ओला झाला की कमकुवत होतो. अंगाला स्वेटरची ॲक्रिलिक लोकरही चालते. जेनना पटणार नाही, पण बगर वजनदार असतो, तिथे फरक पडत नाही.

जेन
बगरला पटतं. किलर बगला नाही, ॲक्रिलिकमधून तार दिसत नाही.

पाणकाठ
एक भर. विलायती सॅमन फ्लायमध्ये ‘जंगल कॉक’ पिसं दिसतात, ती आपल्याच रानकोंबड्याची. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो संरक्षित आहे, कोणी आणून देतो म्हटलं तरी घेऊ नका. काळ्या पिसावर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका देऊन वाळू द्या, पुरेसं साम्य येतं. आणि तलावाचा ठेका कोणत्या संस्थेकडे आहे ते विचारून मगच गळ टाका.

भीमाकाठ
घोंगडीच्या सुतात दोन बांधले. आकार छान आलाय, पण वाटीत टाकले तर काही सेकंद तरंगतात. तार कमी पडली का?

जेन
तार पुरेशी आहे, लोकरीत मेंढीची चरबी उरली आहे. आत हवा अडकते. बांधलेले फ्लाय भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा. पाण्यावर गेल्यावर पहिल्या फेकीआधी फ्लाय पाण्याखाली धरून बोटांनी दाबा, बुडबुडे थांबले की टाका.