पाण्यात विझवल्यावर पोलाद कठीण होते, मग ॲल्युमिनिअमचा मिश्रधातू मऊ का राहतो?

प्रश्न
सुमारे 0.8 टक्के कार्बनचे पोलाद लाल तापवून पाण्यात विझवले, तर त्यावर कानस चालत नाही. मात्र 4 टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशिअम असलेला ॲल्युमिनिअमचा मिश्रधातू सुमारे 500 अंश सेल्सिअसवरून तसाच थंड केला, तर तो सहज वाकतो आणि काही दिवसांत आपोआप कठीण होतो. हे कसे घडते?

प्रतिसाद 1
विरघळलेल्या अणूंना बाहेर पडायला वेळ न देणे, हेच पाण्याचे काम दोन्हीकडे असते. पोलादात 727 अंशांच्या वर तयार होणाऱ्या ऑस्टेनाइटच्या (लोखंडाच्या एका स्फटिकरूपाच्या) पोकळ्यांत कार्बन सामावतो. ते सावकाश थंड केले, तर कार्बन वेगळा होऊन फेराइट (जवळजवळ शुद्ध लोखंड) व सिमेंटाइट (लोखंडाचे कार्बाइड) यांच्या आलटून-पालटून थरांचे पर्लाइट बनते. झटकन थंड केले, तर कार्बनला हलता येत नाही, पण लोखंडाची स्फटिकरचना बदलल्याशिवाय राहत नाही, आणि अडकलेल्या कार्बनने ताणलेले, म्हणूनच कठीण असे मार्टेन्साइट नावाचे रूप तयार होते. ॲल्युमिनिअमची स्फटिकरचना वितळेपर्यंत बदलतच नाही. तांब्याचे अणू ॲल्युमिनिअमच्या अणूंच्याच जागी बसतात, त्यामुळे ताण थोडाच पडतो आणि मिश्रधातू मऊ राहतो.

प्रतिसाद 2
नंतरच्या काठिण्याबद्दल लिहितो, कारण मला तोच भाग अधिक विलक्षण वाटतो. 548 अंशांना ॲल्युमिनिअममध्ये 5.65 टक्के तांबे विरघळते, सामान्य तापमानाला मात्र अर्धा टक्काही नाही. हे जादा तांबे हळूहळू अतिसूक्ष्म पुंजक्यांत गोळा होते आणि स्फटिकातील विस्थापनांची (ज्यांच्या सरकण्याने धातू वाकतो अशा रचनेतील दोषांची) वाट अडवते. झटकन थंड करताना स्फटिकात अडकलेल्या, अणू नसलेल्या रिक्त जागांमुळेच तांब्याला इतक्या कमी तापमानात सरकता येते. जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांना हा परिणाम 1906 मध्ये आढळला, पण सूक्ष्मदर्शकात काहीच दिसत नव्हते. 1938 मध्ये गिनिए आणि प्रेस्टन यांनी स्वतंत्रपणे क्ष-किरणांच्या साहाय्याने ते पुंजके ओळखले. जास्त तापमानाला फार वेळ ठेवल्यास कण मोठे व विरळ होतात आणि काठिण्य घटते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पोलादाचे टेम्परिंग, म्हणजे विझवलेले पोलाद पुन्हा बेताने तापवणे, हाच प्रकार समजावा का?

प्रतिसाद 1
तसे समजू नये. साध्या कार्बन पोलादात टेम्परिंगमुळे कार्बन मार्टेन्साइटमधून बाहेर पडून कार्बाइड बनते, ताण सैल होतो आणि थोडे काठिण्य देऊन चिवटपणा मिळतो. 200 अंशांना काठिण्य फारसे जात नाही, 600 अंशांना बरेच जाते. आपण म्हणता तसे साम्य हायस्पीड स्टीलमध्ये (धातू कापणाऱ्या हत्यारांच्या पोलादात) आढळते: तिथे सुमारे 550 अंशांना मॉलिब्डेनम व व्हॅनेडिअमसारख्या धातूंची बारीक कार्बाइडे तयार होऊन काठिण्य पुन्हा वाढते.