केन डॉड एवढी वर्षं टिकला कसा?

जुनारेडिओ: युट्यूबवर ब्रिटिश विनोदवीर केन डॉडचे जुने कार्यक्रम बघतोय, विस्कटलेले केस, पुढे आलेले दात, हातात ती रंगीत पिसांची काठी. टीव्हीमुळे व्हरायटी थिएटरं (गाणी, विनोद, जादू असे मिश्र कार्यक्रम करणारी) बंद पडली तरी हा माणूस कसा काय टिकला? कुणी सविस्तर सांगेल का?

मर्सीकाठ: तो स्टेज सोडून कधी गेलाच नाही ना! 1954 मध्ये नॉटिंगहॅमच्या एम्पायर थिएटरला व्यावसायिक सुरुवात, 1965 ला लंडन पॅलेडियम थिएटरमध्ये सलग 42 आठवडे, आणि त्याच वर्षी 'टिअर्स' हे गाणं ब्रिटनमधल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाच आठवडे एक नंबरला, म्हणजे विनोदी नट आणि गायक दोन्ही. शिवाय कुठल्या गावात कुठला विनोद चालला, कुठला पडला हे तो वहीत लिहून ठेवायचा, माझ्या मते खरं गमक तेच.

नाट्यवेडी: आणि वेळेचं भान अजिबात नाही हां 😊 पाच-पाच तास शो, लोकांची शेवटची बस चुकायची तरी कुणी उठायचं नाही.

जुनारेडिओ: ते टॅक्सचं काय होतं?

मर्सीकाठ: 1989 मध्ये टॅक्स चुकवल्याचा खटला चालला, निर्दोष सुटला, आणि मग टॅक्सवरच विनोद करत परत पॅलेडियम गाजवलं. 2017 ला सर झाला, त्याच डिसेंबरात नव्वदीत असताना लिव्हरपूलला शेवटचा शो केला. मार्च 2018 मध्ये गेला, लिव्हरपूलच्या नॉटी ॲश भागातल्या त्याच घरात जिथे जन्मला होता.