मदत हवी आहे: दहावी प्रिलिमचा गणित भाग १ चा गठ्ठा तपासतेय, स्टेपचे मार्क नक्की कसे द्यायचे?

फुलेवाडीकरीण:

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात फुलेवाडीत घरीच आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. शाळेत नोकरी केलेली नाही, बोर्डाचे पेपर तपासलेले नाहीत, हे आधीच सांगते. आमच्याकडच्याच एका क्लासची दहावीची प्रिलिम झाली आणि त्यांचे गणिताचे सर नेमके आजारी पडले म्हणून गणित १ चा अख्खा गठ्ठा माझ्याकडं आलाय, साठ-सत्तर पेपर असतील. क्लास चालवणारे म्हणाले उत्तर बघायचं, बरोबर असलं तर टिक नाहीतर काट, दोन संध्याकाळीत होतंय की. आणि जाता जाता वर सांगून गेले की प्रिलिमला जरा कडकच तपासा, पोरं घाबरली की अभ्यासाला लागतात.

मी बसले तपासायला आणि पहिल्या काही पेपरांतच अडकले. प्रश्न असा होता, अंकगणिती श्रेढी, पहिलं पद ६, फरक ३, पहिल्या २७ पदांची बेरीज काढा, २ मार्क. सूत्रात किंमती घातल्या की २७/२ × (१२ + २६ × ३), उत्तर १२१५.

एका पोरानं सूत्र बरोबर लिहिलंय, किंमती बरोबर घातल्यात, पण २६ × ३ = ६८ केलं. मग १२ + ६८ = ८०, २७/२ × ८० = १०८०. म्हणजे एक गुणाकार सोडला तर बाकी सगळं नीट.

दुसऱ्यानं पण ६८ च लिहिलंय, बेरीज पण ८० च, आणि त्याच्या खालच्या ओळीत डायरेक्ट १२१५!! आता ८० ला साडेतेरानं गुणून १२१५ कुठून आले ते त्याला आणि त्याच्या बाकावरच्यालाच माहीत.

नुसतं उत्तर बघायचं तर पहिल्याला शून्य आणि दुसऱ्याला पैकीच्या पैकी. हे माझ्या हातून व्हायचं नाही. पण मग द्यायचे किती? अजून काही अडचणी आहेत त्या पण लिहिते, जाणकारांनी सांगा. (सगळं मराठीतच टाईप करतेय म्हणून एक्स-वायच्या जागी क्ष आणि य, समजून घ्या.)

क्ष² − १५क्ष + ५४ = ० अवयव पाडून सोडवा, असा प्रश्न होता, २ मार्क. एका मुलीनं पेपरातून उतरवतानाच −५४ लिहिलंय आणि गंमत म्हणजे ते पण सुटतंय, (क्ष − १८)(क्ष + ३), उत्तरं १८ आणि −३, एकही स्टेप चुकलेली नाही. अजून एकानं ५४ लिहिलाच नाही, क्ष² − १५क्ष = ० केलं आणि ०, १५ उत्तर काढून मोकळा. या दोघांना सारखे मार्क द्यायचे का?

क्रेमरची पद्धत (सहगुणकांचे निश्चयक मांडून, त्यांच्या भागाकारानं क्ष आणि य काढायचे) वापरा असं स्पष्ट लिहिलेलं असताना एका चलाचा लोप करून सोडवलंय, उत्तर अगदी बरोबर. ३क्ष − ४य = १०, ४क्ष + ३य = ५, क्ष = २ आणि य = −१. याला काय?

आणि पाचपैकी चार सोडवा असताना पाचही सोडवणारे लई आहेत. पहिले चार धरायचे का चांगले चार?

सोमवारी गठ्ठा परत द्यायचाय. पालक पेपर शेजारी शेजारी ठेवून बघतात हो, म्हणून विचारतेय.

बावड्याचा_पप्या:

ताई नाद खुळा प्रश्न. आमच्या वेळी मास्तर वजनावर मार्क द्यायचे, जेवढ्या पुरवण्या तेवढे मार्क 😄 १२१५ वाल्याला बोलवून ती ओळ फळ्यावर करायला लावा.

जुना_मास्तर:

ताई, मी बरीच वर्षं बोर्डाचे पेपर तपासलेत, साताऱ्याकडं होतो, म्हणजे आपल्याच कोल्हापूर विभागीय मंडळात. कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे त्यात येतात. बोर्डात परीक्षक आपल्या मनानं मार्क देत नाही. आधी आदर्श उत्तरं ठरतात, कुठल्या पायरीला अर्धा आणि कुठल्या पायरीला एक हे लिहिलेलं असतं, आणि परीक्षकानं तपासलं की नियामक त्यातले पेपर परत बघतो. तुमच्याकडं नियामक नाही, मग निदान तो कागद तरी करा. सगळे पेपर बाजूला ठेवा, प्रश्नपत्रिका स्वतः सोडवा आणि प्रत्येक पायरीपुढं मार्क लिहा. गठ्ठ्याला हात त्यानंतर.

आता श्रेढीचा प्रश्न. २ मार्काला मी असं करायचो, सूत्र अर्धा, किंमती घालणं अर्धा, कंसातली आकडेमोड अर्धा, शेवटचं उत्तर अर्धा. पहिल्या पोराची कंसातली आकडेमोड चुकली, तो अर्धा गेला. पुढं त्याच्या ८० वरून १०८० बरोबरच येतात, मग शेवटचा अर्धा का कापायचा? एका चुकीला एकदाच शिक्षा. त्याला दीड. १२१५ वाल्याला सूत्र आणि किंमतीचा मिळून एक. शेवटचा अर्धा नाही, कारण ते उत्तर त्याच्या वरच्या ओळीतून येतच नाही. कॉपी केली का नाही या भानगडीत पडूच नका, ते तुम्हाला सिद्ध करता येणार नाही आणि करायची गरज पण नाही. कागदावर जे दिसतंय त्याला मार्क.

सांगलीवाला:

मास्तर, दीड जरा जास्त होतोय असं माझं मत. शेवटचं उत्तर चूक ते चूक. मी शाळेत शिकवतो, आमच्याकडं उत्तराचा अर्धा फक्त बरोबर उत्तरालाच. त्यामुळं १०८० ला एक, आणि १२१५ वरच्या ओळीतून येत नाही म्हणून मास्तर म्हणतात तसा त्याला पण एकच.

फुलेवाडीकरीण:

सर पण मग दोघं सारखेच झाले की! ज्यानं प्रामाणिकपणे शेवटपर्यंत केलं तो आणि मधनंच उडी मारलेला, दोघांना एक एक. हेच मला खटकतंय.

सांगलीवाला:

खटकतंय ते बरोबर आहे, नाही म्हणत नाही. पण तुम्ही जे ठरवाल ते सत्तरच्या सत्तर पेपरांना लावा म्हणजे झालं. माझ्याकडं एक किंवा मास्तरांकडं दीड, पोराचं फार बिघडत नाही. रात्री आठला दीड आणि अकराला एक, हे झालं की मात्र पालक बरोबर येऊन धरतात.

त्रिकोणमिती:

मी पुण्यात केंब्रिज बोर्डाच्या शाळेत शिकवते, माहेर शाहूपुरी. तिकडची पद्धत सांगते म्हणजे तुमचा वाद कशावरून आहे ते कळेल. तिथल्या मार्किंगमध्ये एम मार्क म्हणजे पद्धतीचे, ए मार्क म्हणजे अचूकतेचे, आणि बी मार्क म्हणजे पद्धतीशी न जोडलेले सुटे मार्क. ए मार्क त्याच्या आधीचा एम मिळाला असेल तरच मिळतो. म्हणजे पद्धत बरोबर असून आकडेमोड चुकली तर एम राहतो आणि ए जातो. पण काही ठिकाणी ए च्या पुढं एफटी लिहिलेलं असतं, फॉलो थ्रू, तिथं पोराचा स्वतःचा चुकीचा आकडा पुढं नीट वापरला असेल तरी मार्क द्यायचा. तुमचे मास्तर शेवटच्या अर्ध्याला एफटी लावतायत आणि सांगलीवाले लावत नाहीत, एवढाच फरक आहे. तिथं हे परीक्षकावर सोडत नाहीत, स्कीममध्ये प्रश्नागणिक छापलेलं असतं.

−५४ वाल्या मुलीसाठी पण तिथं सोय आहे, मिसरीड म्हणतात. प्रश्न उतरवताना चूक झाली पण प्रश्नाचा हेतू आणि अवघडपणा तसाच राहिला, तर थोडं कापायचं आणि बाकीचे मार्क तिच्या आकड्यांवरून द्यायचे. तिच्या गणितात पण मधलं पद, म्हणजे −१५क्ष, दोन भागांत फोडावंच लागतंय, आणि −५४ चे अवयव तर चिन्हं सांभाळून पाडायचे म्हणजे उलट जरा किचकटच. दीड द्या बिनधास्त. ज्यानं ५४ गाळला त्याचं गणित सोपं झालं, मधलं पद फोडायचं कामच उरलं नाही, आणि प्रश्न तर तेच बघण्यासाठी टाकलेला. त्याला गुणाकार शून्य म्हणून एकेक अवयव शून्य, ही कल्पना आहे त्याचा अर्धा. जास्त नाही.

जुना_मास्तर:

त्रिकोणमिती ताईंशी सहमत, आम्ही इकडं असंच करायचो, फक्त नावं नव्हती दिलेली.

क्रेमरचं मात्र वेगळं आहे. प्रश्नातच पद्धत सांगितली असेल तर ती पद्धतच तपासायची असते. निश्चयक मांडला का, ३ × ३ − (−४) × ४ = २५ काढताना वजा वजाचं अधिक केलं का, बाकीचे दोन ५० आणि −२५ आले का, मग भागाकार. हे काहीच कागदावर नसेल तर २ आणि −१ बरोबर येऊन उपयोग नाही. मी मार्क देणार नाही. पण प्रश्नात नुसतं ‘सोडवा’ असेल तर पोरगं कुठल्याही रस्त्यानं जाऊ दे, पूर्ण मार्क. तुम्ही शिकवलेली पद्धत वापरली नाही म्हणून कापणारे शिक्षक मी बघितलेत, ते चूकच.

आई_दहावीची:

मी शिक्षक नाही पण विचारते. माझ्या मुलाला शाळेच्या परीक्षेत दोन फाशांच्या प्रश्नात ३ पैकी शून्य मिळाले होते, बेरीज कमीत कमी १० येण्याची संभाव्यता. त्यानं डायरेक्ट १/६ लिहिलं होतं, बरोबर आहे ना ते? तो म्हणतो तोंडी केलं. मग शून्य का? बोर्डात पण असंच होतं का, आणि झालं तर दाद कुठं मागायची?

फुलेवाडीकरीण:

आई ताई, १/६ बरोबरच आहे. पण ३ मार्काचा प्रश्न म्हणजे नमुना अवकाश (सगळ्या शक्य जोड्या), मग घटना (हव्या त्या जोड्या), मग संभाव्यता असं लिहून दाखवायला सांगितलंय. (४,६), (५,५), (५,६), (६,४), (६,५), (६,६) या सहा जोड्या लिहिल्या असत्या तर कोणी कापू शकलं नसतं. माझ्या गठ्ठ्यात एकीनं (५,५) सोडून पाचच जोड्या लिहिल्यात आणि ५/३६ उत्तर काढलंय, तिला मी अडीच देणार. म्हणजे चूक उत्तराला अडीच आणि तुमच्या मुलाच्या बरोबर उत्तराला त्याच्याहून कमी, ऐकायला विचित्र वाटतं पण तसंच आहे. तरी शून्य मला पण जास्त वाटतंय, उत्तराचा काहीतरी द्यायला हवा होता.

सांगलीवाला:

बोर्डाचं सांगतो. निकालानंतर ऑनलाईन अर्ज करता येतो. गुणपडताळणी म्हणजे बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का एवढंच बघतात, परत तपासत नाहीत. परत तपासून हवं असेल तर पुनर्मूल्यांकन, पण त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते. ती हातात आली की विषयाच्या शिक्षकांना दाखवा, नुसत्या रागानं पुढचे पैसे भरू नका. आणि मुलाला आत्ताच सांगा, बहुपर्यायी सोडलं तर तोंडी केलेलं कुठंच लिहू नकोस.

बावड्याचा_पप्या:

पाचच्या पाच सोडवणाऱ्यांचं राहिलं की. माझं मत, सगळे तपासा आणि चांगले चार धरा. पोरानं ज्यादा कष्ट केलेत, त्याचा तोटा कशाला. भेळेत फरसाण जास्त पडलं म्हणून कोण परत देतंय काय.

जुना_मास्तर:

पप्या बरोबर बोलतोय, चांगले चार. पाचव्यावर ‘ज्यादा’ लिहून गोल करा, नाहीतर बेरजेत घुसतो आणि ४० च्या पेपरला ४१ होतात, असले पेपर मी बघितलेत.

आणि एक महत्त्वाचं, पेपरामागून पेपर तपासू नका. प्रश्न २ सगळ्यांचा, मग प्रश्न ३ सगळ्यांचा, असं करा. एक पेपर सलग तपासला की पहिल्या दोन प्रश्नांवरूनच पोरगं हुशार का ढ हे मनात बसतं आणि पुढचा अर्धा मार्क त्याच्यावरून पडतो. अक्षर चांगलं असलं तरी तेच. पहिल्या पानावरची नावं दुमडून ठेवा. पंधरा-वीस पेपर झाले की पहिले दोन-तीन परत काढून बघा, हात सैल झालाय का आवळलाय ते कळतं.

फुलेवाडीकरीण:

सर, हे प्रश्नावार तपासायचं आजच सुरू केलं आणि उलट पटापट होतंय, कारण एकच उत्तर डोक्यात ठेवायचं. श्रेढीचे सगळे झाले. ६८ वाले अजून तिघं निघाले, त्यांना दीड. मी मास्तरांचं घेतलं, सांगलीवाले सर राग मानू नका.

आता कडकपणाचं. क्लासच्या सरांना मी सांगितलं की पायऱ्यांचा कागद हा असा आहे, याच्यापेक्षा कडक पाहिजे असेल तर आधी कागद बदलू, पण पेपर बघून कमी करणार नाही. त्यावर ते म्हणाले एवढे मार्क पडले तर पोरं हवेत जातील. मला वाटतं बोर्डाला जेवढे पडणार त्याच्या जवळपास आत्ता कळलं तर पोराला उपयोग. वीस मार्कानं घाबरवलं की जे थोडं येतंय ते पण सोडून देतंय, माझ्या शिकवणीतच दोन पोरं अशी आहेत, बीजगणित बघितलं की वही मिटतात.

त्रिकोणमिती:

तो कागद पेपरांबरोबर क्लासच्या बोर्डावर लावायला सांगा. पालक भांडायला आले तरी कागदाशी भांडतील. आणि जमलं तर मार्क कापलाय त्या ओळीखाली रेघ मारा, शेवटी नुसता काट नको. २६ × ३ च्या खाली रेघ दिसली की पोराला कळतं सूत्र येतंय, पाढा कच्चा आहे.

फुलेवाडीकरीण:

रेघांचं करते. बोर्डावर लावायला सर तयार होतील असं वाटत नाही, पण झेरॉक्स काढून प्रत्येक पेपरला टाचते, ते तर माझ्या हातात आहे. आता कळतंय की भूमितीचा गठ्ठा पण माझ्याकडंच यायचाय. एकच विचारते मग उठते. रचनेच्या प्रश्नात स्पर्शिका अगदी बरोबर काढलीय पण कंपासचे कंस खोडरबरानं पुसून टाकलेत, चित्र स्वच्छ दिसावं म्हणून. त्याचे?

जुना_मास्तर:

कंस नाहीत म्हणजे रचना नाही, पट्टी टेकवून डोळ्यानं पण स्पर्शिका काढता येते. वर्तुळ आणि दिलेला बिंदू नीट असेल तर त्याचा अर्धा द्या. आणि उरलेल्या दिवसांत सगळ्या पोरांना सांगून ठेवा, रचनेला खोडरबर लावायचा नाही.