मदत हवी आहे: यूसी डेव्हिसला ट्रान्सफर होण्याआधी लेकीने समर क्लास घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजातून (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, ट्रान्सफर झालेलं कुणी इथे असेल, किंवा कुणाची मुलं त्या वाटेने गेली असतील, तर कृपया वेळ काढून वाचा. समरची नोंदणी सुरू झाली आहे आणि लॅबवाल्या क्लासच्या जागा भराभर भरतात. त्यामुळे याच आठवड्यात काहीतरी ठरवायला हवं.

लेक दोन वर्षं बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात शिकतेय. बारावीनंतर थेट यूसीला न जाता हा मार्ग आम्ही विचार करूनच निवडला. राज्यातल्या रहिवाशांना क्वार्टर युनिटमागे (क्वार्टर म्हणजे सत्र, युनिट म्हणजे कोर्सचं वजन) ३१ डॉलर फी, राहणं-जेवणं घरी, आणि यूसीत ट्रान्सफर घेताना कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना प्राधान्य. मेहनत तिने केली आणि यूसी डेव्हिसला बायॉलॉजीसाठी प्रवेश मिळाला. होकार कळवायची मुदत १ जून होती, ते काम झालं आहे. किमान ९० क्वार्टर युनिट्स लागतात, तिची स्प्रिंग संपताना ११२ होतील. बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, कॅल्क्युलस सगळं हातावेगळं झालं. राहिलाय तो फक्त फिजिक्सचा तिसरा भाग.

तिच्या कॉलेजात हे फिजिक्स वर्षभराचं, तीन क्वार्टरमध्ये विभागलेलं. पहिला भाग विंटरमध्ये झाला, दुसरा आता संपत आलाय. तिसरा समरमध्ये घेतला तर सहा आठवड्यांत होतो. पाच युनिट्सचे १५५ डॉलर आणि वर किरकोळ आकार. पैशाचा प्रश्नच नाही. डेव्हिसच्या समर सेशनमध्ये तेवढीच युनिट्स घ्यायची तर कितीतरी पट जास्त मोजावे लागतील.

मग अडलंय कुठे? असिस्टच्या साइटवर (कुठल्या कॉलेजचा कोणता कोर्स यूसीत कशाच्या बदल्यात धरतात, ते तिथे कळतं) आमच्या कॉलेजचे तिन्ही भाग एका बाजूला एकत्र दाखवलेत आणि समोर डेव्हिसचं फिजिक्स ७ए, ७बी, ७सी, तेही एकत्र. पहिल्या भागासमोर ७ए, दुसऱ्यासमोर ७बी अशी सुटी जोडी कुठेच नाही. म्हणजे दोनच भाग घेऊन ती डेव्हिसला गेली तर त्या दोन भागांचं काय? तिसऱ्याच्या जागी तिथला फक्त ७सी करून चालेल, की सगळं फिजिक्स पहिल्यापासून? कॉलेजच्या काउन्सेलरची वेळ मिळाली होती. ते म्हणाले, "डेव्हिसलाच विचारा." डेव्हिसच्या ॲडव्हायझिंगला ईमेल केलाय, उत्तर यायचं आहे.

आता दुसरी बाजू. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीला माझ्या आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे. आषाढी एकादशीच्या आत करायचं म्हणून भावाने तारीख काढली, गुरुजी ठरले, हॉल ठरला. लेक सात वर्षांची होईपर्यंत सांगलीत आजीजवळ वाढली आहे. आईचा फोन आला की पहिला प्रश्न, "सगळी नातवंडं ओवाळायला असणार ना गं?" भावाची मुलं तिथेच आहेत. प्रश्न आमच्याच घरचा आहे.

आणि समर क्लास ऑनलाइन नाही. लॅब प्रत्यक्ष वर्गात. सोमवार ते गुरुवार रोज लेक्चर, त्यातले दोन दिवस लॅब, आणि दोनाहून जास्त लॅब बुडाल्या तर नापास असं सिलॅबसमध्ये स्पष्ट लिहिलंय. सहा आठवड्यांच्या क्लासमधून दहा-बारा दिवस सांगलीला जाऊन येणं शक्यच नाही.

लेकीचा कल क्लास घेण्याकडे आहे. जेवणाच्या टेबलाशेजारच्या भिंतीवर तिने एक मोठा कागद चिकटवलाय. त्यावर डेव्हिसच्या दोन वर्षांची सहा क्वार्टर्स आखली आहेत, प्रत्येक चौकटीत कोर्सची नावं. बाकी सगळं शाईने लिहिलंय. फिजिक्स तेवढं पेन्सिलने, आणि ते इतक्यांदा खोडून दुसरीकडे लिहिलंय की कागद तिथे विरलाय. ती म्हणते, "आई, तिथे गेल्यावर जेनेटिक्स आणि बायोकेमिस्ट्रीबरोबर मला फिजिक्स नकोय. डोकं त्यात आहे तोवर संपवते." तिचं म्हणणं मला पटतं. पण ती थकलीय हेही मला दिसतंय. दोन वर्षं कॉलेज सांभाळून आठवड्याला वीस तास दुकानात काम केलंय, मधली एकही सुट्टी मोकळी गेली नाही. डेव्हिसची फॉल क्वार्टर सप्टेंबरच्या शेवटी सुरू होते. तिथे दहा आठवड्यांत अभ्यासक्रम संपतो. दमलेलं पोर तिकडे पाठवायला माझं मन धजत नाही.

त्यात इथल्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर गोंधळ वाढला. एकीने सांगितलं की कम्युनिटी कॉलेजची १०५ क्वार्टर युनिट्सच यूसी धरते, त्यामुळे हा क्लास फुकट जाईल. दुसरी म्हणाली, समरमध्ये सी आला तर प्रवेशच रद्द होतो. तिसरीचा सल्ला असा की घ्यायचेच तर दोन क्लास घ्या, स्टॅटिस्टिक्सही उरकून टाका.

मला चार गोष्टी नक्की कळायला हव्यात. १०५ ची मर्यादा खरंच आडवी येते का? समरच्या ग्रेडचा प्रवेशावर परिणाम होतो का? फिजिक्स अर्धवट ठेवून गेल्यावर कुणाला काय अनुभव आला? आणि हा एक कोर्स पुढे ढकलला तर तिची दोन वर्षांची आखणी खरोखर बिघडते का? कृपया माहितीवर किंवा अनुभवावर आधारित सांगा. ऐकीव गोष्टी भरपूर गोळा झाल्या आहेत.

आगाऊ आभार.

प्रतिसाद १

ताई, मी स्वतः कम्युनिटी कॉलेजातून डेव्हिसला गेलो, बायॉलॉजीच्याच विभागात.

आधी १०५ बद्दल. मर्यादा आहे, पण ती युनिट्सच्या बेरजेला. त्यापुढच्या कोर्सची युनिट्स पदवीच्या एकूण आकड्यात मिळवत नाहीत, पण विषय झाल्याचं मात्र धरतात. म्हणजे फिजिक्सची अट पूर्ण होते, पुढच्या कोर्सला ते लागत असेल तर तेही चालतं. तिची ११२ तशीही होणारच आहेत. आणखी पाचांनी बिघडत काही नाही.

ग्रेडबद्दल. प्रवेशाच्या अटी तिच्या पोर्टलवर आहेत, त्या शब्दन् शब्द वाचा. नोव्हेंबरच्या अर्जात आणि जानेवारीच्या अपडेटमध्ये जे कोर्स "करणार" म्हणून लिहिले, ते ठरलेल्या ग्रेडने पूर्ण करणं बंधनकारक असतं. समरचं फिजिक्स त्यात लिहिलं होतं का, ते पाहा. लिहिलं असेल आणि आता करणार नसाल तर ॲडमिशन ऑफिसला लेखी कळवा. क्लास घेतला तर त्याची ट्रान्स्क्रिप्टही पाठवावी लागते, ग्रेड कसाही असो. कम्युनिटी कॉलेजचे ग्रेड डेव्हिसच्या जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरत नाहीत, तो जीपीए तिथे शून्यापासून सुरू होतो. पण पुढे मेडिकलचा विचार असेल तर तिथे अर्ज करताना प्रत्येक कॉलेजचा प्रत्येक ग्रेड मोजला जातो.

आता मुख्य मुद्दा. तिन्ही भाग एकत्र का दाखवलेत? डेव्हिसच्या ७ मालिकेचा क्रमच निराळा आहे. बहुतेक कॉलेजांत पहिल्या भागात मेकॅनिक्स असतं, तिथे ७ए सुरू होतं ऊर्जा आणि थर्मोडायनॅमिक्सपासून, मेकॅनिक्स ७बीमध्ये येतं. त्यामुळे एकास एक जोडी लागत नाही. शिकवण्याची पद्धतही वेगळी. लेक्चर कमी, आणि डिस्कशन-लॅबमध्ये गटाने फळ्यासमोर उभं राहून प्रश्न सोडवायचे. अर्धं फिजिक्स इथे आणि अर्धं तिथे केलं तर काही विषय दोनदा होतात आणि काही एकदाही नाही. माझ्या माहितीतल्या एका मुलीने नेमकं हेच केलं आणि तिला मालिका ७एपासून करावी लागली. म्हणून मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवा, एवढं माझं ठाम मत आहे. याच समरला संपवली पाहिजे, असं मात्र मी म्हणणार नाही.

प्रतिसाद २

मी शेवटच्या वाक्याच्या पुढचं सांगते. माझा मुलगा डेव्हिसला गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात घरी आला आणि जुन्या कॉलेजात राहिलेला भाग करून गेला. ट्रान्सफर झाल्यावरही कम्युनिटी कॉलेजात समरला खालच्या पातळीचा कोर्स घेता येतो. कोर्स धरतील की नाही, हे आधी डेव्हिसच्या ॲडव्हायझरकडून लेखी घेतलं की झालं. मालिका त्याच कॉलेजात पूर्ण होते, असिस्टवरची जोडीही तीच राहते.

ताई, जेनेटिक्स आणि बायोकेमिस्ट्रीला बायॉलॉजी आणि केमिस्ट्री आधी झालेली लागते, फिजिक्स नाही. त्यामुळे पहिल्या वर्षाचं काही अडायला नको. खरी किंमत दुसरीच आहे. पुढचा उन्हाळा म्हणजे ज्युनिअर (पदवीच्या तिसऱ्या) वर्षानंतरचा. त्यात मुलं प्राध्यापकांच्या लॅबमध्ये काम मिळवतात, इंटर्नशिप करतात. तिचे सहा आठवडे तेव्हा फिजिक्सला जातील. शिवाय वर्षभराच्या खंडानंतर तिसरा भाग जड जातो, माझ्या मुलाला गेला. हे तिला मोकळेपणाने सांगा आणि तिलाच ठरवू द्या.

स्टॅटिस्टिक्स बरोबर घेण्याचा सल्ला मुळीच ऐकू नका. बारा आठवड्यांचं फिजिक्स सहा आठवड्यांत करणं हेच पूर्ण वेळेचं काम आहे. आणि समर क्लासला बसलीच, तर पहिल्या आठवड्यातच अंदाज घ्यायला सांगा. डब्ल्यू (क्लास मध्येच सोडल्याचा शेरा) न लागता क्लास सोडायची तारीख समरमध्ये फार लवकर येते.

प्रतिसाद ३

शिक्षणातलं मला इथल्या मंडळींइतकं कळत नाही, मी न्यू जर्सीत असतो. पण एक विचारतो. समरचा क्लास ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत संपतो आणि डेव्हिस सप्टेंबरच्या शेवटी. मधल्या पाच-सहा आठवड्यांत ती सांगलीला जाऊ शकते. समारंभ हुकेल, पण आजीजवळ निवांत राहता येईल, त्या दोघींना समारंभाच्या गर्दीत जमणार नाही तेवढं बोलणं होईल. ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पाण्याकडे तेवढं लक्ष ठेवा, २०१९ साली आमचे नातेवाईक तिथे अडकले होते. आईंना विचारून पाहिलंत का? आपण त्यांच्या वतीने ठरवतो, आणि त्यांचं मत आपल्या धास्तीपेक्षा वेगळं निघतं.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद १ मधला क्रमाचा खुलासा वाचून लेक म्हणाली, "आता कळलं एकत्र का आहे ते." हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. जानेवारीच्या अपडेटमध्ये तिने हा कोर्स लिहिला नव्हता, ते तपासलं. त्यामुळे प्रवेशाची धास्ती गेली. स्टॅटिस्टिक्सचा विषयही बंद.

आईला काल रात्री फोन केला. मी विषय काढायच्या आत लेकीने स्वतःच सगळं सांगितलं. आई आधी गप्प झाली. मग तिने विचारलं की पुढच्या वर्षी तोच क्लास मिळतो का, आणि तेव्हा घेतला तर पोरीचं काय नुकसान होतं. लेकीने लॅबमधल्या कामाचं सांगितलं. आई म्हणाली, "ते तू बघ. तू आलीस तर मला हवीच आहेस, पण माझ्यासाठी म्हणून काही सोडू नकोस." त्यानंतर लेक बराच वेळ त्या भिंतीवरच्या कागदासमोर बसली होती. सकाळी सांगितलं की ती जुलैत सांगलीला येणार आणि फिजिक्स पुढच्या उन्हाळ्यात इथेच करणार, पण डेव्हिसकडून लेखी होकार आला तरच. नाही आला तर समरचा क्लास करायचा आणि तो संपल्यावर ऑगस्टमध्ये आजीकडे जायचं. तोवर क्लासमधली जागा तिने धरून ठेवली आहे. फी परत मिळायच्या मुदतीपर्यंत ती सोडता येते.

प्रतिसाद २ लिहिणाऱ्या ताईंना एकच विचारायचं आहे. तुमच्या मुलाने ॲडव्हायझरला नेमकं काय विचारलं होतं? फक्त "हा कोर्स चालेल का" असं विचारलं तर मोघम उत्तर येईल अशी भीती वाटते. तिन्ही भागांचे कोर्स नंबर, आधीचे ग्रेड आणि असिस्टवरच्या त्या पानाची प्रत जोडली होती का? मजकूर आठवत असेल तर कृपया इथेच लिहा, आज रात्री तिला दुसरा ईमेल पाठवायचा आहे.