मदत हवी आहे: ल्युटेशियमआधी (किरणोत्सारी औषध) एफडीजी पेट (साखरेसारखं द्रव्य देऊन केलेला स्कॅन) करावं का?

बाबा ७१ वर्षांचे. प्रोस्टेट कॅन्सर, ग्लीसन ९ (म्हणजे आक्रमक), हाडांत पसरलेला. हार्मोनचं इंजेक्शन चालूच आहे. अ‍ॅबिराटेरॉन (हार्मोन रोखणारी गोळी) आणि डोसीटॅक्सेल केमोच्या ६ सायकल झाल्या, तरी पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) ४ महिन्यांत ११ वरून ४८. बीआरसीए (जनुकातल्या बदलाची चाचणी) निगेटिव्ह, किडनी आणि रक्ताचे रिपोर्ट ठीक.

गॅलियम पीएसएमए पेटमध्ये (पीएसएमए म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवरचं प्रथिन, ते या स्कॅनमध्ये उजळतं) हाडांतल्या गाठी ठळक दिसतात, पण सीटीत दिसणारी यकृतातली एक गाठ त्यात उजळतच नाही. मला तीच खुपतेय, कारण ल्युटेशियम-१७७ चं औषध चिकटतं ते पीएसएमएलाच. डॉक्टर म्हणतात, दर ६ आठवड्यांनी डोस सुरू करू. बायोप्सीचं विचारलं तर "बघू".

तोंड कोरडं पडणं वगैरे वाचलंय, ते नको. असा मिश्र स्कॅन असताना कुणी आधी एफडीजी पेट किंवा बायोप्सी करून घेतली का, आणि त्यामुळे उपचार बदलले का?